एक कुंडी त्यांच्या हाती



दर बुधवारी मी तुमच्याशी हप्ता, व्याज, बँकेचे कागद यांबद्दल बोलते. आज कुंडीबद्दल बोलणार आहे. घरात, खिडकीत, ओट्यावर ठेवलेली कुंडी आणि आपल्या घरातली म्हातारी माणसं, या दोन गोष्टींचा काय संबंध आहे याचा थोडा इतिहास सांगायचा आहे. पण सुरुवात माझ्या घरापासून करते.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचं सगळं आयुष्य मातीत गेलं. शेतातून आल्या की परसात. शेवगा, अळू, कढीपत्ता, गवती चहा, सगळं त्यांच्या हातचं. दोन वर्षांपूर्वी त्या अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. मग आम्ही सगळ्यांनी एकच घोष लावला, "आत्या, तुम्ही बसा, आम्ही करतो." लसूण सोलायला घेतला तरी हातातून काढून घ्यायचो. परसात मी पाणी घालायचे. त्या पडवीत खाटेवर बसून बघायच्या. हळूहळू बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. एकदा म्हणाल्या, "अगं, माझं एक तरी काम ठेव गं." मी हसले आणि चहा करायला गेले. त्या काय म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं नाही.

नंतर एकदा माळ्यावरची पुस्तकं काढताना माझं बी.ए.चं मानसशास्त्राचं पुस्तक सापडलं. त्यात एका वृद्धाश्रमाची हकीगत होती. परीक्षेत मी ती पाच मार्कांसाठी लिहिली होती आणि विसरून गेले होते. ती आज नीट सांगते. त्याआधी झाडं घरात कशी आली ते थोडक्यात सांगू द्या.

आपल्याकडे तुळस दारात असतेच. पण खोलीत झाड ठेवण्याची हौस जगभर पसरली ती साधारण दोनशे वर्षांत. लंडन शहरात नाथानिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेचे लावायची फार हौस. नेचा म्हणजे पावसाळ्यात कोकणात, महाबळेश्वराकडे दगडांच्या फटीत उगवतो तो. पण लंडनमध्ये तेव्हा कोळशाचा इतका धूर की त्यांचे नेचे जगेनात. 1829 साली त्यांनी पतंगाचा कोष फुलताना बघायचा म्हणून तो ओल्या मातीत पुरून काचेच्या बरणीत ठेवला आणि वर झाकण लावलं. काही दिवसांनी बघतात तर मातीतून एक छोटा नेचा आणि गवताचं पातं उगवलेलं. दिवसा मातीतली ओल वर जाऊन काचेला लागायची आणि पुन्हा थेंब होऊन मातीत पडायची. बाहेरचा धूर आत येत नव्हता. ती रोपं तशीच जवळजवळ चार वर्षं जगली.

त्यावरून वॉर्डसाहेबांनी काचेच्या पेट्या करून घेतल्या. 1833 मध्ये अशा पेट्यांतून रोपं जहाजाने लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला गेली आणि कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर जिवंत पोहोचली. पुढे चीनमधला चहा अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याला आला. आज आपल्या खिडकीत जो मनी प्लांट असतो, तो मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरिया बेटावरचा. दारात उभ्या पानांचा स्नेक प्लांट असतो, तो पश्चिम आफ्रिकेतला. इतक्या लांबून येऊन ही झाडं आपल्या डालड्याच्या डब्यात सुखाने राहतात.

झाडाकडे बघून बरं वाटतं हे कुणीही सांगेल. पण झाडाचं काम केल्याने माणसाला काय होतं? हा प्रश्नही जुना आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन रश नावाचे डॉक्टर होते. 1812 मध्ये त्यांनी मनाच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक निरीक्षण आहे. इस्पितळातले जे पुरुष लाकडं फोडतात, बागेत खणतात आणि ज्या बायका धुणं धुतात, फरशी पुसतात, ते पुष्कळदा बरे होतात. ज्यांना मोठ्या घरचे म्हणून काही काम करू देत नाहीत, ते तिथेच झुरत राहतात. मला हे वाचून आमची पडवीतली खाट आठवली.

आता वृद्धाश्रमाची हकीगत. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात आर्डेन हाउस नावाचा वृद्धाश्रम होता. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी तिथे एक प्रयोग केला आणि तो 1976 मध्ये छापून आला. तेव्हा दोघी माझ्यासारख्याच तिशीच्या आसपासच्या होत्या. पुढे लँगर हार्वर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातल्या पहिल्या कायम प्राध्यापिका झाल्या आणि रोडिन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अध्यक्ष.

त्यांनी दोन मजल्यांवरची माणसं घेतली. एका मजल्यावर 47 जण, दुसऱ्यावर 44. वय 65 ते 90, आणि बहुतेक बायकाच. पहिल्या मजल्यावरच्यांना आश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले, तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवा. मग रोपांची पेटी फिरवली. रोप हवं की नको, हवं तर कोणतं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि रोपाची काळजीही त्यानेच घ्यायची. सगळ्यांनी रोप घेतलं. सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, की बघायचाच नाही, हेही त्यांच्यावरच सोडलं.

दुसऱ्या मजल्यावरही तेच व्यवस्थापक तितक्याच प्रेमाने बोलले. तुम्हाला सुखात ठेवणं ही आमची जबाबदारी, असं म्हणाले. रोपं यांनाही मिळाली. पण नर्सने हातात आणून दिली आणि सांगितलं, पाणी आम्ही घालू. सिनेमाचा वारही आश्रमाने ठरवून दिला.

म्हणजे बघा, रोपं दोन्ही मजल्यांवर होती आणि प्रेमही होतं. एका ठिकाणी माणसाला काम आणि निर्णय दिला होता, दुसऱ्या ठिकाणी तो काढून घेतला होता.

तीन आठवड्यांनी नर्सेस वगैरेंच्या नोंदींवरून हिशेब केला. पहिल्या मजल्यावरच्या 93 टक्के माणसांच्या तब्येतीत, वागण्यात एकंदर सुधारणा दिसली. दुसऱ्या मजल्यावरची 71 टक्के माणसं आणखी खचलेली दिसली. दीड वर्षाने पुन्हा पाहिलं. पहिल्या मजल्यावरचे 47 पैकी 7 जण वारले होते, दुसऱ्यावरचे 44 पैकी 13.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मृत्यूच्या आकड्यांच्या गणितात चूक झाली होती, हे त्या दोघींनीच नंतर छापून मान्य केलं. माणसं थोडी, प्रयोग एकाच ठिकाणचा. त्यामुळे कुंडी ठेवली की आयुष्य वाढतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिवाय फरक नुसत्या रोपाचा नव्हता, ठरवण्याच्या हक्काचाही होता. पण आपल्या घरात आपण कोणता मजला चालवतो, हा प्रश्न उरतोच.

आमच्या घरात दुसरा मजला चालू होता. मी बाजारातून गुलाबाचं रोप आणून आत्यांपुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, "हे कशाला? मला पानओवा आण, पोरांना खोकल्याला होतो." म्हणजे पहिली निवडही मीच करून आले होते. शेजारून पानओव्याची फांदी आणली. आत्यांनी बसल्या बसल्या माती चाळली, फांदी रोवली. आठ दिवसांनी त्या झोपल्या होत्या म्हणून मी पाणी घातलं, तर उठल्यावर माझ्यावर चिडल्या. "तू पाणी घातलंस? मग कुंडी तुझी!" मैत्रिणींनो, कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला. मला बरं वाटलं.

आज त्यांच्याकडे नऊ डबे आहेत. पुदिना, कोरफड, मनी प्लांट, सगळं पडवीत. वॉकर सुटलेला नाही, गुडघा दुखतोच. पण सकाळी कोणत्या डब्याला नवीन पान आलं ते आम्हाला सांगतात आणि त्यासाठी खाटेवरून उठतात.

तुमच्या घरी करायचं असेल तर थोडी काळजी घ्या. डबे जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर किंवा फळीवर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. भरलेली मोठी कुंडी उचलायला देऊ नका. पाण्याला छोटा तांब्या द्या. लाद्यांवर पाणी सांडलं तर लगेच पुसा, आमचं हाड असंच मोडलं. बाटलीत आणि डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, आठवड्यातून एकदा तरी बदला, नाहीतर डेंगूचे डास होतील. मनी प्लांटची पानं लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. तुळशीला ऊन लागतं, स्नेक प्लांटला कमी उजेड चालतो. आणि मुलाकडे पुण्या-मुंबईला राहायला गेलेल्या ज्या आया-आज्या आहेत, त्यांच्या हाताला तिथे माती लागत नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा पिशवीत चार फांद्या घेऊन जा.

एखादं रोप मरेल. आत्यांचा एक पुदिना मेला. मी दुसरा लावून द्यायला निघाले होते, पण थांबले. त्यांनीच चार दिवसांनी दुसरी काडी मागितली.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक सांगायचं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मी विचारलं का, की तुम्हाला कोणतं रोप हवं? आणि ते काय म्हणाले?