लपवलेले मृत्यू आणि लंडनचा एक दुकानदार

१/ एखाद्या शहराचे आरोग्य मोजायचे कसे? आयुर्मान, बालमृत्यू, अतिरिक्त मृत्यू हे शब्द आज आपण सहज वापरतो. या मोजणीचा पाया मात्र कोणा वैद्याने घातला नाही. तो घातला १७व्या शतकात लंडनमध्ये बटणे, फिती, सुई-दोरा विकणाऱ्या जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्याने. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/ लंडनमध्ये १६०३ पासून दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या नियमित निघत. कोणत्या चर्चच्या हद्दीत किती माणसे पुरली, त्यांतली प्लेगने किती गेली, हे त्यांत असे. सधन लोक वर्गणी भरून त्या घेत. प्लेगचा आकडा चढू लागला की शहर सोडायचे! गरिबांना अर्थातच ती सोय नव्हती.

३/ मृत्यूचे कारण ठरवत असत शपथ दिलेल्या वृद्ध स्त्रिया. बहुतेक जणी गरीब, चर्चच्या मदतीवर जगणाऱ्या. प्रेत पाहायचे, घरच्यांना विचारायचे आणि कारण कळवायचे, एवढेच त्यांचे काम.

४/ पण त्यांच्या एका शब्दावर साऱ्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असे. ‘प्लेग’ म्हटले की घर बंद, दारावर खूण, बाहेर पहारा. आत धडधाकट माणसेही आजाऱ्यांसोबत कित्येक आठवडे कोंडली जात. त्यामुळे खरे कारण दडवण्याकडे लोकांचा कल असणे स्वाभाविक होते.

५/ १६६२ मध्ये ग्राँटने या याद्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. गुप्तरोगाने झालेले मृत्यू यादीत इतके थोडे कसे, हा प्रश्न त्याला पडला. त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता: चार पैसे जास्त आणि पेलाभर मद्य मिळाले की त्या मृत्यूची नोंद क्षयासारख्या निरुपद्रवी नावाखाली होई.

६/ आता १६२५ची साथ पाहा. यादीनुसार प्लेगचे मृत्यू सुमारे ३५ हजार. त्याच वर्षी ‘इतर कारणांनी’ १८ हजारांहून अधिक. आधीच्या व नंतरच्या वर्षांत मात्र एकूण मृत्यूच ७ ते ८ हजार! मग हे वरचे ११ हजार कोण? ग्राँटच्या मते तेही प्लेगचेच बळी होते. म्हणजे खरा आकडा ४६ हजारांच्या आसपास.

७/ या युक्तिवादाचे मर्म साधे आहे. मृत्यूचे कारण लपवता येते, मृत्यू लपवणे कठीण. म्हणून एका वर्षाची तुलना नेहमीच्या वर्षांशी करावी. ‘अतिरिक्त मृत्यू’ या संकल्पनेचे बीज येथे आहे.

८/ याद्यांत तेव्हा वय नसे. बालपणीच्या रोगांवरून ग्राँटने अंदाज बांधला: जन्मलेल्या १०० पैकी ३६ मुले वयाची ६ वर्षे पूर्ण होण्याआधीच दगावतात. पुढच्या टप्प्यांचे त्याचे आकडे ढोबळ होते. पण एका पिढीची हयात कोष्टकात मांडण्याची कल्पना पुढे आयुर्विम्यापासून जनगणनेपर्यंत पोहोचली.

९/ राजा दुसरा चार्ल्स याच्या शिफारशीने हा दुकानदार रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १६६६च्या भीषण आगीत मात्र त्याची मोठी हानी झाली आणि १६७४ मध्ये तो हलाखीत वारला.

१०/ लंडनची ही कथा मुंबईत पुन्हा घडली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. घरझडती आणि सक्तीचे रुग्णालय यांच्या धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले, मृत्यू अन्य तापांच्या नावे नोंदले जाऊ लागले. तेव्हा अधिकाऱ्यांनाही एकूण मृत्यू मागील वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहावे लागले. रीत ग्राँटचीच!

११/ २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ या दोन वर्षांतील जगभरचे अतिरिक्त मृत्यू १ कोटी ४९ लाख असावेत असा अंदाज दिला. कोविडचे म्हणून नोंदलेले मृत्यू होते सुमारे ५४ लाख. भारत सरकारने या पद्धतीवर आक्षेप घेतला. वाद आजही त्याच जागी आहे: नेहमीचे वर्ष कोणते मानायचे, आणि नोंदीबाहेर राहिलेला माणूस कोणाच्या हिशेबात धरायचा?

१२/ म्हणून कोणत्याही साथीचा आकडा वाचताना दोन प्रश्न विचारावेत. ही नोंद कोणी केली? आणि खरे सांगितले असते, तर सांगणाऱ्याचे काय झाले असते?