पायडलाची कुळकथा

मोहगावाहून सौसरच्या बाजाराला सायकलीने जाणारा मनुष्य ज्या वस्तूवर पाय ठेवतो, तिला कोणी पेडल म्हणतो, कोणी पायडल. शब्द परका खरा; पण तो ज्या लॅटिन शब्दापासून निघाला तो 'पेस', संस्कृत 'पाद' आणि मराठी 'पाय' ही एकाच कुळातील भावंडे होत. तेव्हा 'पायडल' म्हणणाऱ्याला अडाणी समजण्याचे कारण नाही.

१८१७ साली कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने बनविलेल्या दुचाकीला पायडल नव्हतेच. स्वार जमिनीला पाय रेटीत पुढे जाई. १८६० नंतर फ्रान्समध्ये पायडल आले, ते थेट पुढच्या चाकाच्या आसाला जडलेले. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली याच्या 'रोव्हर' सायकलीत साखळी मागच्या चाकाला जोडली गेली आणि पायडलाला मधली जागा मिळाली. किर्लोस्कर बंधूंचा उद्योगही आरंभी बेळगावातील सायकलींच्या दुकानातूनच उभा राहिला.

आपल्याकडील साध्या सायकलीच्या पायडलाला रबराचे दोन ठोकळे असतात. चप्पल घालून वा अनवाणी चालविणाऱ्याला तेच सोयीचे. शर्यतीच्या जुन्या सायकलींचा थाट निराळा. तेथे रबराऐवजी दातेरी पत्र्याचा पिंजरा असे. इंग्रजांनी त्याला 'रॅट-ट्रॅप', म्हणजे उंदरांचा सापळा, असे सार्थ नाव दिले. त्यावर 'टो-क्लिप' नावाची बोटांपुढची पोलादी कमान आणि चामड्याचा पट्टा बसवीत. त्यामुळे पाय नुसता खाली दाबीत नाही, वरही ओढतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढताना या ओढीचे मोल कळते. पुढे १९८४ साली 'लुक' या फ्रेंच कंपनीने बुटाचा तळवाच पायडलात अडकविण्याची युक्ती बाजारात आणली, आणि पुढल्याच वर्षी बर्नार इनो याने तिच्या बळावर फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकली. गंमत अशी की, पाय पक्का जखडणाऱ्या या पायडलाला 'क्लिपलेस', म्हणजे क्लिपविरहित, म्हणतात. कारण जुनी कमान तेवढी गेली!

खरा घोटाळा आट्यांचा आहे. उजव्या पायडलाचे आटे सुलटे, डाव्याचे उलटे. पायाचा भार क्रँकच्या भोकात सतत दिशा बदलीत फिरतो. त्यामुळे आस भोकात किंचित उलट घरंगळतो. दोन्हीकडे सारखेच आटे असते तर डावे पायडल चालता चालता निखळून पडले असते. म्हणून डावे पायडल खोलताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. नवशिका मिस्त्री सवयीने उलटा जोर लावतो; पायडल अधिकच आवळते, किंवा आटे जातात.

जुनी परदेशी सायकल हाती आली तर दुसरा धोका असतो. इंग्लिश आसाची जाडी इंचाचे नऊ-सोळांश, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटर, जुन्या फ्रेंच आसाची १४. डोळ्याला फरक दिसत नाही, पण इंग्लिश पायडल फ्रेंच क्रँकमध्ये रेटले की क्रँकचे आटे कापले जातात, आणि तसा क्रँक पुन्हा मिळणे कठीण. आसाच्या टोकावरील अक्षर आधी पाहावे. इंग्लिश पायडलावर डाव्यासाठी 'एल', उजव्यासाठी 'आर' असते. फ्रेंचवर डाव्यासाठी 'जी' आणि उजव्यासाठी 'डी'. इटालियन पायडलावरही 'डी' म्हणजे उजवेच. मराठी मनुष्य मात्र 'डी' दिसताच 'डावे' असे वाचतो, आणि भलत्या बाजूला पाना लावतो.