हिंगणीची गाठ

बोर नदीकाठचं हिंगणी सुटून सात महिने झाले. नागपूरचं राज्य कंपनीनं खालसा केलं त्याच उन्हाळ्यात तुम्ही बंजाऱ्यांच्या बैलांमागून, पाठीवरच्या कापसाच्या गोण्यांवर नजर ठेवत, थळ घाट उतरलात. कल्याणला पहिल्यांदा आगगाडी पाहिलीत. पावसाळा कुलाब्यात हमाली करून काढला.

आज 1 नोव्हेंबर 1854. स्क्रूखाली दाबून बांधलेल्या गाठी तुम्ही पडावात चढवता. सकाळी त्या मोठ्या जहाजावर जातील आणि आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला. सुएझचा कालवा अजून खणायचाच आहे.

राखणीला तुम्ही पडावावरच झोपता. उकडतंय. वारा मेलेला.

"नारळी पुनव झाली, दिवाळी झाली. आता दर्या आपला," तांडेल म्हणतो. त्याच्या मनगटावर काळा दोरा आहे. त्याच्या बापजाद्यांचा हिशेब असाच होता, आणि बहुतेक वर्षं तो बरोबर ठरतो. पण अरबी समुद्रातली चक्रीवादळं पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात. कुलाब्याच्या वेधशाळेत हवेचा दाब मोजतात. तो आकडा पडावांपर्यंत पोचवणारं कुणी नाही. धोक्याचा बावटा नाही. हवामान खातं निघायला अजून 21 वर्षं आहेत.

रात्री जाग येते ती आवाजानं. आधी वाटतं, बोरला पूर आला. मग पडाव नांगराच्या दोराला हिसका देऊन उभाच राहतो. तोंडात खारं पाणी. शेजारचं गलबत दोर तुटून अंगावर येतं. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज छातीत घुमतो. "डोलकाठी तोडा!" कुऱ्हाडीचे चार घाव पडतात. पाचवा पडत नाही, कारण कुऱ्हाड धरणारा खलाशी तिथे उरलेला नाही.

तांडेल तुम्हाला ओढतो, एका गाठीला दोरानं आवळतो. "रुई आहे. भिजेपर्यंत तरंगेल."

मग पडाव फुटतो.

त्या चार तासांत मुंबईच्या बंदरात सुमारे हजार माणसं बुडाली आणि अर्धा कोटी रुपयांची जहाजं-मालमत्ता गेली, असं नोंदी सांगतात. मालाची किंमत सावकाराला आणि विमावाल्याला मोजता आली. कोकणच्या पडावांवरच्या खलाशांची नावं कुणी लिहून ठेवली?

उजाडतं तेव्हा तुम्ही कुलाब्याच्या खडकांत पडलेले आहात. दोर मांसात रुतलाय. गाठ फुटून रुई शेवाळासारखी पसरलीय. रेच्यातून निसटलेली एक सरकी तिच्यात अडकलेली. ही आपल्याच शेतातली, असं तुम्हाला वाटतं. तुम्ही ती कनवटीला लावता.

किनाऱ्यावर फळ्या, नारळ, शिडांच्या चिंध्या. आणि माणसं, पालथी.

तुम्ही उठता. एकेकाचं मनगट पाहत पुढे जाता.