शिपायाची तयारी आणि विसाव्याचा शोध

आजचा आपला विषय आहे सैनिकांच्या शारीरिक प्रशिक्षणाचा इतिहास. या विषयावर पुष्कळ बोललं जातं, पण बहुतेक वेळा ते घाम, शिस्त आणि जिद्द यांच्याबद्दल असतं. आज आपण जरा वेगळ्या बाजूने पाहू. मेहनत कशी करून घ्यायची हे सैन्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. ती किती टप्प्यांनी वाढवायची आणि मध्ये कुठे थांबायचं, हे कळायला मात्र फार वेळ लागला. त्याची किंमत साध्या रंगरुटांच्या पायांनी मोजली.

सुरुवात रोमपासून करू. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्याच्या आरंभी व्हेजेशियस या लेखकाने जुन्या रोमन सैन्याची शिस्त लिहून ठेवली. त्याच्या सांगण्याप्रमाणे नव्या शिपायाने उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० रोमन मैल चालायचं, आणि वेग वाढवला की २४. सरावाची लाकडी तलवार आणि वेताची ढाल खऱ्या शस्त्रांच्या दुप्पट वजनाची असायची, म्हणजे लढाईत खरी शस्त्रं हलकी वाटावीत. आज ज्याला आपण ‘ओव्हरलोड’, म्हणजे सवयीपेक्षा जास्त भार, म्हणतो ते तत्त्व इथे स्पष्ट दिसतं. जे युद्धात करायचं त्याचाच सराव करायचा, हे दुसरं तत्त्वही आहे. महिन्यातून तीनदा लांब कूच करायची, म्हणजे नियमितपणाही आला. आपल्या आखाड्यातल्या वस्तादालाही यातलं काही नवीन वाटणार नाही.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण सक्तीच्या भरतीमुळे आणि मोठ्या फौजांमुळे प्रश्न तिथे उघडा पडला. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने एक गोष्ट नोंदवली. लांब कूच केल्यावर तरुण शिपायांची पावलं सुजत, दुखत, आणि त्यांना चालता येत नसे. ना कुठे पडले, ना मार लागला. त्याला वाटलं की स्नायुबंधांच्या आवरणांना सूज आली असावी. त्या काळात दुसरं काय दिसणार? क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांत, १८९७ साली, श्टेखोव्ह या जर्मन डॉक्टरने अशा पावलांची छायाचित्रं काढून दाखवलं की पावलातली लांब हाडं चक्क मोडलेली आहेत. निव्वळ चालून चालून! मधली चाळीस-बेचाळीस वर्षं हे दुखणं लोकांना दिसत होतं, पण कारण दिसत नव्हतं.

याच काळात इंग्लंडमध्ये दुसरा प्रयोग चालू होता. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याचे हाल झाले होते. १८६० मध्ये मेजर हॅमर्स्ली यांच्याबरोबर १२ जणांची एक तुकडी ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लॅरेन यांच्या व्यायामशाळेत पाठवली गेली. ही माणसं निरनिराळ्या उंचीची आणि बांध्याची होती. मॅक्लॅरेननी प्रत्येकाचं वजन, छाती, दंड आणि मनगटाकडचा हात मोजला, आणि व्यायाम पायरीपायरीने वाढवला. काही महिन्यांत त्यांच्या छात्या आणि दंड इतके भरले की कित्येकांना आपले गणवेश अंगात घालता येईनात. गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा मोठा आहे. इथे माणूस मोजून, त्याच्या कुवतीनुसार भार ठरवला जाऊ लागला.

भार किती, याचं नेमकं उत्तर दुसऱ्या महायुद्धाने दिलं, आणि तेही इस्पितळात. शिकागोच्या गार्डिनर लष्करी इस्पितळात थॉमस डीलॉर्म हे डॉक्टर जखमी सैनिकांच्या पायांत पुन्हा ताकद आणत होते. तोवर अशांना हलका भार देऊन खूप वेळा हालचाल करायला लावत. डीलॉर्मनी उलट केलं. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन द्यायचं, आणि ताकद वाढेल तसं ते वाढवायचं. १९४५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

युद्धानंतरच्या अमेरिकन लष्करी पुस्तिकांत मग तीन टप्पे मांडलेले दिसतात. पहिला, अंग दुखण्याचा आणि सवय होण्याचा, एक-दोन आठवड्यांचा. दुसरा, सावकाश सुधारणेचा, सहा ते दहा आठवड्यांचा. तिसरा, कमावलेलं टिकवण्याचा. १९९२ च्या पुस्तिकेत सात तत्त्वं आहेत: हळूहळू वाढ, नियमितपणा, जास्तीचा भार, विविधता, विश्रांती, समतोल आणि कामाला अनुरूप सराव. विश्रांती इथे इतर सहांच्या पंक्तीला बसली आहे, हे लक्षात घ्या.

ती का बसली? हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुनं हाड थोडं झिजवतं आणि नवं हाड नंतर भरतं. मधले काही आठवडे ते कमजोर असतं. पण दम आणि स्नायू त्याआधीच सुधारलेले असतात. म्हणजे रंगरुटाला ‘आता जमतंय’ असं वाटतं, नेमकं तेव्हाच त्याचं हाड मागे पडलेलं असतं. ब्राइटहाउप्टच्या शिपायांचं कोडं इथे सुटतं.

हा नुसता परदेशचा इतिहास नाही, मंडळी. आज आपल्या गावोगावी पहाटे डांबरी रस्त्यावर सैन्य आणि पोलीस भरतीसाठी पोरं-पोरी धावतात. जाहिरात निघाली की तयारी सुरू, आणि पहिल्याच आठवड्यापासून १६०० मीटर घड्याळ लावून. नडगी दुखायला लागली की ‘सहन कर, पाय मुरतील’ असा सल्ला मिळतो. ज्याच्या घरची आशा त्या एका भरतीवर आहे, तो खरंच सहन करतो. एकाच जागी बोट ठेवून दुखत असेल आणि रोज वाढत असेल, तर ते मुरणं नव्हे. त्याने धावणं थांबवून डॉक्टरला दाखवायला हवं. आणि तयारी जाहिरातीच्या कितीतरी आधी, मातीच्या मैदानावर, चालण्यापासून सुरू करायला हवी.

प्रशियन शिपायाला हे सांगायला कुणी नव्हतं. आपल्याला सांगता येतं, तेव्हा आपल्या ओळखीच्या एका तरी उमेदवाराला आपण हे जरूर सांगू या.