भुशापासून बिलापर्यंत

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या फौजेला माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांची चांदी झाली. दारूगोळ्याच्या पिंपांत लाकडाचा भुसा, पावसात विरणारे गणवेश, आजारी खेचरं. तक्रारींचा पाढा संपेना आणि तपासायला सरकारकडे माणसं नाहीत. मिशिगनचे सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी मग काट्याने काटा काढायचं ठरवलं. 2 मार्च 1863 रोजी लिंकन यांच्या सहीने ‘फॉल्स क्लेम्स ॲक्ट’ आला. सरकारला लुबाडणाऱ्यावर कोणाही नागरिकाने सरकारच्या वतीने दावा लावावा आणि वसुलीतला निम्मा वाटा घ्यावा, अशी ती सोय होती. लबाडाकडून दुप्पट भरपाई, शिवाय प्रत्येक खोट्या दाव्यामागे 2000 डॉलर दंड.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत आज ‘कम्प्लायन्स’ (नियमपालन) नावाचं जे खातं असतं, त्याची मुळं या भुशात आहेत.

1943 मध्ये अमेरिकी काँग्रेसने या कायद्याचे दात काढले. 1965 साली ज्येष्ठांसाठी मेडिकेअर योजना आली, तेव्हा तो जवळजवळ निपचित पडला होता. रुग्णालयाने आपला खर्च आपणच लिहून द्यायचा आणि सरकारने तो भागवायचा, अशी मेडिकेअरची मूळ पद्धत. मोह होणारच. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरला पैसे चारणं, म्हणजे आपल्याकडची ‘कट प्रॅक्टिस’, तिथे 1977 पासून गंभीर गुन्हा आहे. (महाराष्ट्रात अशा खास कायद्याचा मसुदा तयार व्हायला 2017 उजाडलं.)

1986 मध्ये कायद्याला पुन्हा दात आले. निमित्त याही वेळी लष्करी कंत्राटांचंच. भरपाई तिप्पट झाली आणि जागल्याचा, म्हणजे दावा लावणाऱ्या नागरिकाचा, वाटा 15 ते 30 टक्के. पण जाळ्यात मोठे मासे आले ते आरोग्यसेवेतले. नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज ही कंपनी रक्ततपासणीच्या नेहमीच्या संचात दोन जादा चाचण्या घुसडत असे. डॉक्टरांना त्या जवळपास फुकट वाटत आणि मेडिकेअरला मात्र वेगळं बिल जाई. 1992 मध्ये तिने सुमारे 11 कोटी डॉलर मोजले.

त्याहून बोलकी गोष्ट मॉंटानातल्या एका छोट्या रुग्णालयाची. तिथल्या वित्त अधिकाऱ्याला नव्या व्यवस्थापनाने दोन खर्चपत्रकं करायला सांगितली: एक मेडिकेअरला पाठवायचं, दुसरं कपाटात ठेवायचं. पकडले गेलो तर किती परत द्यावं लागेल, याचा अंदाज दुसऱ्यात. त्याने नकार दिला आणि नोकरी गमावली. त्याच्यासारख्या जागल्यांचे दावे एचसीए या बलाढ्य रुग्णालय-साखळीपर्यंत पोचले. 2000 आणि 2003 च्या तडजोडींत तिला एकूण 170 कोटी डॉलर द्यावे लागले.

आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी 1998 मध्ये रुग्णालयांसाठी ‘कम्प्लायन्स’चा नमुना कार्यक्रम जाहीर केला. लेखी नियम, जबाबदार अधिकारी, प्रशिक्षण, तक्रारीची निर्धास्त वाट, नियमित तपासणी, शिस्तभंगाची कारवाई आणि चूक सापडल्यावर दुरुस्ती, असा तो सरळ मामला. रुग्णालयांनी तो उचलला तो पुण्य कमावण्यासाठी नव्हे, तिप्पट भरपाईच्या धाकाने. तसं म्हटलं तर धाक वाईट नाही.

चूक प्रामाणिक असेल तर? 2010 च्या कायद्याने सांगितलं, जादा आलेले पैसे लक्षात आल्यापासून 60 दिवसांत परत करा. न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीच्या संगणकीय घोळामुळे रुग्णालयांना मेडिकेडचे (गरिबांसाठीच्या सरकारी योजनेचे) पैसे जास्त मिळाले. एका कर्मचाऱ्याने फेब्रुवारी 2011 मध्ये 900 हून अधिक संशयास्पद बिलांची यादी वरिष्ठांना पाठवली. चार दिवसांत त्याला काढलं गेलं आणि परतफेड दोन वर्षं रेंगाळली. अशी यादी हाती आली की घड्याळ सुरू झालं, असं न्यायालयाने 2015 मध्ये म्हटलं. परत करायचे होते सुमारे साडेआठ लाख डॉलर. पुढच्या वर्षी तडजोडीत साडेएकोणतीस लाख गेले.