थंडी, गाळ आणि पडदा

यंत्र बसविले की ऋतूची सत्ता संपली, असा एक समज आपल्या मनात घट्ट रुतून बसला आहे. हवा कोरडी झाली की सूत अधिक तुटते, हे साच्यावर उभे राहिलेल्या कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्याची गोष्टही याहून निराळी नाही. तेथील खरे कामगार म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीवाणू, आणि उष्णतामान हा त्यांचा मुकादम. या कारखान्याचा इतिहास आज आम्ही या एका बाजूने पाहणार आहोत.

इंग्लंडात मँचेस्टरजवळ डेव्हीह्यूम येथे आर्डर्न आणि लॉकेट हे दोन रसायनतज्ज्ञ बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा सोडीत. पहिल्या खेपेस पाणी पुरते शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. तळाचा गाळ फेकून न देता त्यांनी त्यावरच नवे पाणी ओतले. असे पुनःपुन्हा करता तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. गाळ घाण नव्हता, तो जिवंत होता. हा शोध त्यांनी ३ एप्रिल १९१४ रोजी जाहीर केला. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत आले.

अडचण उरली ती गाळ आणि पाणी वेगळे करण्याची. हलका गाळ तळाशी न बसता पाण्याबरोबर वाहून जाई. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत सूक्ष्म छिद्रांचा पडदा वापरून गाळ अडविण्यात आला. पण पंपांना वीज फार लागे. १९८९ साली जपानात यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्याच्या पोकळ नळ्या थेट टाकीतच बुडविल्या आणि हलक्या ओढीने पाणी खेचले. येथून ही पद्धत स्वस्त होत गेली.

आता थंडी काय करते ते पाहा. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू मुळातच सावकाश वाढतात. गारठ्यात ते अधिकच मंदावतात. येथे पडदा उपकार करतो, कारण तो एकही जीवाणू निसटू देत नाही आणि गाळ हवा तितके दिवस टाकीत राखता येतो. परंतु त्याच थंडीत पाणी स्वतः दाट होते. २० अंशांच्या मानाने १० अंशांवर त्याचा दाटपणा सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो; म्हणजे तेवढ्याच दाबाने जेमतेम तीन चतुर्थांश पाणी पार पडते. शिवाय थंडीने गांजलेले जीवाणू चिकट द्रव्य अधिक सोडतात आणि छिद्रे बुजतात. थंड देशांत याच सुमारास वितळलेल्या बर्फाचे पाणी गटारांत येते. काम वाढते तेव्हाच हात आखडतात!

जर्मनीने हे कायद्यात मान्य केले. तेथे अमोनियाची मर्यादा टाकीतील पाणी १२ अंश वा अधिक उष्ण असतानाच लागू होते. जीवाणूंनाही कामाच्या अटी मिळाल्या, असे आम्ही विनोदाने म्हणतो.

आपल्याकडे गणित उलटे आहे. ३० अंशांच्या पाण्यात जीवाणू जलद काम करतात, पाणीही पातळ असते. पण १० अंशांवर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तेथे ३० अंशांवर साडेसातच. भूक वाढते आणि श्वास कमी पडतो. हवा अधिक फुंकावी लागते, वीज अधिक जळते. परदेशी कोष्टक जसेच्या तसे उचलले, तर हिशेब कोठेतरी चुकणारच. त्या चुकीचा भार पडतो तो क्लोरीनयुक्त द्रावणाने पडदे धुणाऱ्या माणसावर. पडदे वारंवार बुजले की पहिला ठपका त्याच्यावरच येतो.

म्हणून कोणताही कामाचा दर पुढे आला की आम्ही प्रथम विचारतो, हा कोणत्या ऋतूत ठरविला? सांडपाण्याचा कारखाना उभारणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. आणि तो पैसे मंजूर होण्यापूर्वी विचारला पाहिजे.