दादीचा फोटो आणि बारा बाय अठराची फ्रेम

आमच्या दादीचा एकच फोटो आहे. १९७४ साली ती मुंबईहून बोटीने हजला गेली, त्याआधी अर्जाला लावण्यासाठी मिरजेतल्या एका स्टुडिओत तो काढला होता. तोवर तिने कॅमेऱ्यासमोर कधी तोंड केले नव्हते आणि नंतरही केले नाही. स्टुडिओने दिलेल्या प्रतींपैकी एक अब्बांच्या कागदपत्रांच्या पेटीत राहिली. साडेतीन सेंटीमीटर रुंद आणि साडेचार सेंटीमीटर उंच, कडा पिवळ्या पडलेल्या. तो स्टुडिओ आता नाही आणि निगेटिव्हही नाही.

गेल्या वर्षी चुलतभावाने घर बांधले आणि दादीचा फोटो मोठा करून बैठकीत लावायचे ठरवले. भिंतीवर माणसाचा फोटो लावावा की नाही यावर आमच्या घरात दोन मते आहेत. तो वाद इथे नको. त्याने फोटो दुकानात स्कॅन करून आणला, मोबाइलमधल्या एका अॅपने तो 'सुधारला' आणि बारा बाय अठरा इंचाची प्रिंट फ्रेम करून घेतली. डोळे चमकदार, कातडी नितळ, ओढणीची किनार धाग्याधाग्याने दिसणारी. सगळे वाहवा म्हणाले. फुफीने मात्र चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "ये हमारी अम्मा नै."

तिचे खरे होते. दादीच्या गालांवर देवीचे वण होते. त्या मोठ्या फोटोत एकही वण नव्हता.

हे कसे झाले याचा शोध घेताना मी फोटोच्या आकाराच्या इतिहासात शिरलो. आपण फोटो 'मोठा करून द्या' असे सहज म्हणतो, पण या तीन शब्दांमागे पावणेदोनशे वर्षांची खटपट आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरने आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा फोटो मोठा करणे हा प्रकारच नव्हता. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर जे उमटले तेच चित्र आणि पत्र्याचा आकार तोच चित्राचा आकार. पुढे काचेच्या निगेटिव्ह आल्या, तरी कागद निगेटिव्हला चिकटवून उन्हात धरत असत, त्यामुळे प्रिंट निगेटिव्हएवढीच निघे. मोठा फोटो हवा तर मोठी काच आणि तेवढाच मोठा कॅमेरा लागे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या मुंबईचे नामवंत फोटोग्राफर. त्यांच्या पिढीला ही काचेची ओझी वाहावीच लागली.

त्याच १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने उलटी युक्ती काढून तिचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायचे, कापायचे आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. फोटो स्वस्त झाला तो लहान झाल्यामुळे. एका कागदावर आठ पासपोर्ट फोटो छापणारा आजचा दुकानदार ही दिस्देरीचीच युक्ती वापरतो, आणि दादीचा फोटोही त्याच घराण्यातला.

मोठे करण्याचे यंत्र १८५७ मध्ये अमेरिकेत वुडवर्डने बनवले. आरशाने ऊन आत घ्यायचे, ते निगेटिव्हमधून आणि भिंगातून पलीकडच्या कागदावर पाडायचे. त्या काळचा कागद इतका मंद होता की एका प्रिंटला तासही लागत. १८८०नंतर ब्रोमाइडचा संवेदनशील कागद आला आणि हे काम दिव्याच्या उजेडात होऊ लागले. पण एक गोष्ट तेव्हाही बदलली नाही. एन्लार्जर निगेटिव्हमधले चांदीचे कण दूर दूर पसरवतो, नवे कण निर्माण करत नाही. म्हणूनच फार मोठ्या केलेल्या जुन्या फोटोत रवाळपणा दिसतो.

दुसरा प्रश्न कापण्याचा. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. ऑस्कर बार्नाकने त्यात सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली : २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे दोनास तीन. चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा हे आपल्या ओळखीचे कागद याच प्रमाणात आहेत. मोबाइलचा फोटो मात्र बहुधा तीनास चार असतो, जुन्या टीव्हीच्या आणि संगणकाच्या पडद्यासारखा. तो चार बाय सहाच्या कागदावर पूर्ण भरून छापला की लांब कडांवरून पट्टी जातेच. लग्नाच्या गटफोटोत मागच्या रांगेतल्या मामूंचे डोके उडते ते असे. कागदाचा आकार आधीच ठरलेला असतो. फोटोतले काय जाऊ द्यायचे हे आपण सांगितले नाही तर यंत्र परस्पर ठरवते. दादीच्या फोटोचे प्रमाण सातास नऊ. बारा बाय अठरात भरताना तिच्या दोन्ही खांद्यांवरून एकेक इंच गेला.

तिसरी गोष्ट पिक्सेलची. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्शने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात घातला. तो पहिला डिजिटल फोटो मानला जातो. रुंदीत १७६ ठिपके, उंचीत १७६, एकूण ३०,९७६. डिजिटल फोटोला स्वतःचे इंच नसतात, फक्त ठिपके असतात. ते किती जागेत पसरायचे हे आपण छापताना ठरवतो. हातात धरून पाहायच्या फोटोसाठी इंचाला ३०० ठिपके चांगले मानतात. मग हिशेब सोपा आहे. चार बाय सहाला १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत, आठ बाय बाराला २४०० बाय ३६०० आणि बारा बाय अठराला ३६०० बाय ५४००. भिंतीवर लांबून पाहायचा असेल तर इंचाला दीडशेनेही भागते.

फाइलवर लिहिलेल्या '७२ डीपीआय'ला मात्र घाबरायचे कारण नाही. १९८४च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते, कारण छपाईतला पॉइंट इंचाचा बहात्तरावा भाग धरला होता. तोच आकडा फायलींना चिकटून राहिला. फोटो बदलायच्या प्रोग्रॅममध्ये 'रीसॅम्पल'ची खूण काढून टाका आणि ७२च्या जागी ३०० लिहा. ठिपका एकही बदलत नाही, फक्त छापायचे इंच बदलतात. खूण ठेवली तर मात्र प्रोग्रॅम नवे ठिपके बनवतो. पूर्वीपासूनची पद्धत शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढण्याची आहे. त्यात फोटो धूसर होतो, पण खोटे बोलत नाही.

आता भावाच्या फोटोचा उलगडा झाला. दुकानाने ३०० डीपीआयवर स्कॅन केले होते, म्हणून फाइल जेमतेम ४१३ बाय ५३१ पिक्सेलची झाली. ५३१ ठिपके अठरा इंचांवर पसरले तर इंचाला तीसही येत नाहीत. उरलेली जागा अॅपने भरली, आणि सरासरी काढून नव्हे. हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने त्याने गाल रंगवले. त्या चेहऱ्यांत देवीचे वण क्वचितच असणार, म्हणून त्याने ते डाग समजून पुसले.

पण ते डाग नव्हते. दादीचा फोटो निघाला त्याच १९७४ साली बिहारमध्ये देवीची भयंकर साथ होती. पुढच्या वर्षी भारतातला शेवटचा रुग्ण सापडला. त्या रोगातून वाचलेल्या एका बाईच्या चेहऱ्यावरचा तो इतिहास होता. आमच्या घरात त्याचा दुसरा कागद नाही.

पुसण्याची ही सवय जुनी आहे. दादी ज्या मक्केला गेली तिथे १८८५ मध्ये स्नूक हुर्खोन्ये हा डच अभ्यासक राहिला होता. त्याला शहर सोडावे लागल्यावर सय्यद अब्दुल गफ्फार या मक्केतल्या डॉक्टरांनी तिथले फोटो काढून त्याला पाठवले. फोटोंवर त्यांची अरबीत सही होती. १८८९ मध्ये स्नूकने ते पुस्तकात छापले तेव्हा सह्या पुसल्या गेल्या होत्या आणि डॉक्टरांचे नाव आले नाही. ते नाव पुढे आले ते मूळ प्रती राहिल्या म्हणून.

मूळ प्रत आमच्याकडेही होती. मी ती काचेच्या स्कॅनरवर १२०० डीपीआयने स्कॅन केली. १६५४ बाय २१२६ पिक्सेल मिळाले, म्हणजे इंचाला ३००च्या हिशेबाने सुमारे साडेपाच बाय सात इंच. पन्नास वर्षांच्या कागदात याहून जास्त तपशील नव्हता. सहा बाय आठच्या कागदावर चहूबाजूंनी पांढरी कड सोडून फोटो छापून घेतला आणि दुकानदाराला बजावले की कापायचे नाही, रंग सुधारायचा नाही. स्कॅनची फाइलही आहे तशी तीन ठिकाणी ठेवली आहे.

फोटो मऊ आलाय. उजव्या खांद्यावर घडीची रेघ आहे, आणि गालांवर वण आहेत. चुलतभावाला तो लहान वाटला. "एवढ्या मोठ्या भिंतीवर एवढासा?" असे तो म्हणाला. मग त्यानेच बारा बाय अठराची फ्रेम उघडली, आतला फोटो काढला आणि मध्ये हा बसवून भोवती पांढरा पुठ्ठा लावून घेतला.

फुफीला दाखवला तेव्हा तिने काही म्हटले नाही. काचेवरून गालाच्या जागी बोट फिरवले आणि सोबत आलेल्या नातीला म्हणाली, "देख, ये मेरी अम्मा."